चावी कोणी द्यायची?
मनोऱ्यावरची घड्याळे, वर्गणी आणि अक्षयनीवी

इंग्लंडमधल्या लहान गावांत एक गोष्ट वरचेवर घडते. चर्चच्या मनोऱ्यावरचे शे-दीडशे वर्षांचे घड्याळ बंद पडते. गावकरी समिती नेमतात, वर्गणी काढतात, यंत्र उतरवून दुरुस्तीला पाठवतात आणि ते परत बसले की मनोऱ्याखाली जमून पहिला टोला ऐकतात. या हकिकती वाचताना मला आमचे मावळ आठवत राहते. मी टाकवे बुद्रुकचा. आंदर मावळातल्या आमच्या गावांना मनोऱ्यावरच्या घड्याळांची परंपरा नाही, पण वर्गणीची मात्र जुनी आणि पक्की आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की दर उंबरा रक्कम ठरते, मुंबईला असलेल्या भावकीकडे पावती पुस्तके जातात, माहेरवाशिणी कळसासाठी आपला वेगळा आकडा जमवतात, आणि कलशारोहणाच्या दिवशी देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर लागलेली असतात.

तिथले घड्याळ आणि इथला कळस यांत मला एक प्रश्न समान दिसतो. समारंभ झाला, मांडव उतरला, आता पुढच्या वर्षीचा खर्च कोणाचा? वास्तू उभी करण्याची वर्गणी आणि वास्तू चालती ठेवण्याची वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उत्साह असतो, नाव असते, मुहूर्त असतो. दुसरीला यांतले काहीच नसते. देवळाच्या बाबतीत हा फरक लवकर लक्षात येत नाही, कारण दिवाबत्ती राहिली तरी देऊळ उभे दिसते. घड्याळ मात्र आठवड्याभरात थांबते आणि सगळ्या गावाला कळते. म्हणून घड्याळाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहावा असे मला वाटले. तपासताना मुंबईतले मनोरे पाहावे लागले, आणि उत्तराचा मोठा भाग आमच्याच मावळात, कार्ल्याच्या डोंगरात आणि पुढे नाशिकच्या लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेला सापडला.

घंटा, घटका आणि घड्याळ

गावाची वेळ आधी ऐकायची गोष्ट होती, पाहायची पुढे झाली. इंग्रजीतला ‘क्लॉक’ हा शब्द मूळचा घंटेचा आहे. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये साधारण १३८६ सालचे लोखंडी घड्याळ आहे. त्याला ना तबकडी, ना काटे. तासाला घंटेवर ठोके देणे एवढेच त्याचे काम. आपल्याकडेही तसेच. ‘घड्याळ’ या शब्दात ‘घटी’ आहे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा दिवस. वाटी बुडाली की शेजारचा माणूस थाळीवर टोला देई. ती थाळी म्हणजे तास. आज आपण ‘तासाभरात येतो’ म्हणतो तेव्हा त्या थाळीचेच नाव घेतो, आणि एखाद्याची ‘घटका भरली’ म्हणतो तेव्हा त्या वाटीचे.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो शेजारी बसलेला माणूस. घटिकापात्र आपोआप चालत नाही. बुडालेली वाटी उचलून, रिकामी करून पुन्हा सोडावी लागते, रात्रीसुद्धा. म्हणजे सार्वजनिक वेळ हे पहिल्यापासून कोणाच्या तरी पगाराचे काम होते.

चर्चची घंटा हे याच व्यवस्थेचे दुसरे रूप. दिवसातून तीनदा प्रार्थनेची घंटा झाली की शेतावरच्या माणसालाही वेळ कळे. महाराष्ट्राला या घंटा जवळून माहीत आहेत, त्या वसईमुळे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवस्थानांत पोहोचल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यालगत घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आहे. नाशिकची ‘नारोशंकराची घंटा’ १७२१ सालची. आमच्या उत्तरेच्या डोंगररांगेत भीमाशंकरलाही वसईच्या मोहिमेतली घंटा आहे. या घंटा जिथे आल्या तिथे त्यांचे काम बदलले. चर्चमध्ये त्या ठरल्या वेळी वाजत, देवळात दर्शनाला येणारा प्रत्येक जण आपल्या वेळेला वाजवतो. धातू तोच राहिला, पण ठरल्या वेळी घंटा वाजवणारा माणूस आणि त्याच्या पोटापाण्याची सोय मागेच राहिली. म्हणून ती घंटा उरली, तिची वेळ उरली नाही.

मनोऱ्यातले यंत्र का थांबते

मनोऱ्यावरचे घड्याळ खालून गुंतागुंतीचे वाटते, पण त्याचे तत्त्व विहिरीच्या रहाटाइतके सोपे आहे. तारेच्या दोराला जड वजन टांगलेले असते. दोर एका पिंपाला गुंडाळलेला असतो. वजन खाली ओढते, पिंप फिरू पाहते, आणि दातेरी चाकांची माळ ती ओढ काट्यांपर्यंत नेते. ही ओढ मोकळी सोडली तर वजन क्षणात तळाला जाईल. म्हणून वाटेत लंबक असतो. लंबकाच्या प्रत्येक झोक्याबरोबर नांगराच्या आकाराचा एक तुकडा शेवटच्या चाकाचा एकच दात सोडतो आणि पुढचा अडवतो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे हे सोडणे-अडवणे. टोल्यांसाठी चाकांची वेगळी माळ आणि वेगळे वजन असते. पाव-पाव तासाला सूर वाजत असेल तर तिसरी माळ.

वजन तळाशी आले की घड्याळ थांबते. ते पुन्हा वर चढवणे म्हणजे चावी देणे. बहुतेक जुन्या मनोऱ्यांत हे काम आठवड्यातून एकदा, काही ठिकाणी त्याहून अधिक वेळा करावे लागते. अरुंद जिना चढून जायचे, हातभर लांबीच्या दांड्याने पिंप फिरवायचे, दुसऱ्या माळेचे वजन चढवायचे, तेल पाहायचे, वेळ मिळवायची आणि उतरायचे.

वेळ मिळवण्यातही कला आहे. उन्हाने लंबकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडते. पोलादी दांडी असेल तर दहा अंशांच्या फरकाने दिवसाला सुमारे पाच सेकंद. लंडनच्या बिग बेनमध्ये लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवून हा हिशेब जुळवतात. एक नाणे वाढवले की घड्याळ दिवसाला सुमारे ०.४ सेकंद पुढे जाते.

असे यंत्र सहसा मोठ्या अपघाताने मरत नाही. तेलात धूळ बसून त्याची खळ होते. जाळी फाटली की पारवे शिरतात. कोकण-मावळासारख्या पावसात तबकडीमागचे लोखंड गंजते, काट्यांचे दांडे अडकतात. तारेचा दोर झिजतो. या सगळ्यांवरचा इलाज स्वस्त आहे आणि तो दर आठवड्याला वर चढणाऱ्या माणसाच्या नजरेत असतो. तो माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही की पाच-दहा वर्षांत किरकोळ गोष्टी साचून मोठ्या होतात. मग घड्याळजीच्या मजुरीखेरीज उंच परांचीचा खर्च येतो, तबकड्या उतरवण्याचा येतो, मनोऱ्याच्या दगडकामाचाही येतो. जीर्णोद्धाराचा मोठा आकडा म्हणजे न दिलेल्या लहान आकड्यांची बेरीज असते.

मुंबईतली एक फसलेली आणि एक फळलेली वर्गणी

मुंबईतल्या सेंट थॉमस कॅथीड्रलची कथा वर्गणीच्या अभ्यासकाने जरूर पाहावी. चर्चगेट स्थानकाचे नाव याच चर्चच्या दिशेला असलेल्या किल्ल्याच्या दरवाजावरून आले. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६७६ मध्ये, या चर्चच्या कामाला सुरुवात झाली. आँजियर १६७७ मध्ये वारला आणि काम थांबले. सुमारे १५ फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उघड्या उभ्या होत्या. पुढे रिचर्ड कॉब नावाचा धर्मोपदेशक आला. त्याने प्रवचनातून विषय काढला, वर्गणी सुरू केली, पाठपुरावा केला आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. उंच मनोरा आणि त्यावरचे घड्याळ ही त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली भर.

जागा तीच, समाज तोच. मग पहिला प्रयत्न का फसला आणि दुसरा का फळला? मला दिसणारे कारण असे : पहिला प्रयत्न एका अधिकारी माणसाच्या इच्छेवर उभा होता आणि तो माणूस गेल्यावर ती जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. दुसऱ्या वेळी त्या कामाचा एक ओळखीचा धनी होता आणि त्याने देणाऱ्यांना मोजता येईल असे उद्दिष्ट दिले होते. आजच्या गावसमितीलाही हे दोन नियम पुरेसे आहेत. या वास्तूच्या अलीकडच्या जीर्णोद्धाराची युनेस्कोने २००४ साली पुरस्कार देऊन दखल घेतली. म्हणजे तीनशे वर्षांत या एका इमारतीसाठी समाजाला पुन:पुन्हा हात पुढे करावा लागला. वर्गणी एकदाच काढायची असते, हा समज इथेच सोडून द्यावा.

एका दात्याचा मनोरा

याच्या दुसऱ्या टोकाला राजाबाई टॉवर. शेअर बाजारातले बडे प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. अट एकच : मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे नाव द्यावे. ही देणगी १८६४ ची. पुढच्याच वर्षी कापसाची तेजी कोसळली आणि प्रेमचंद स्वतः बुडाले, पण विद्यापीठाला दिलेले पैसे सुरक्षित राहिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न टाकता आराखडे केले. १८६९ मध्ये पायाभरणी होऊन १८७८ मध्ये काम पुरे झाले. उंची २८० फूट. राजाबाईंना दृष्टी नव्हती, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम पाळता यावा म्हणून त्यांना टोल्यांचा उपयोग होई, असे सांगतात.

एका दात्याच्या देणगीत बांधकाम वेगाने होते, पण चालू खर्चाचा प्रश्न सुटत नाही, याचा अनुभव मनोरा उभा राहिल्यावर लगेच आला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. शहर चिडले. मग विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची हा वाद उभा राहिला, आणि रात्रीच्या दिवाबत्तीचा खर्च कोण करतो हा मुद्दा त्या वादात आला. मला हा सगळ्या कथेतला बोलका भाग वाटतो. मनोरा बांधणाऱ्याला नाव मिळते, पण घड्याळाने काय सांगायचे यावर हक्क सांगतो तो दिव्याचे पैसे देणारा. ज्या समाजाला आपले घड्याळ आपल्या ताब्यात हवे असेल त्याने हा लहान खर्च दुसऱ्यावर सोडू नये.

पुढे १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तीही मुंबईने सहजी घेतली नाही. ३९ मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होती.

राजाबाई टॉवरचा मोठा जीर्णोद्धार २०१३ ते २०१५ या काळात झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पैसे दिले, इंडियन हेरिटेज सोसायटीच्या मुंबई शाखेने काम हाती घेतले, आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. दीडशे वर्षांपूर्वी सराफ देत असे, आता कंपनी देते. मोठ्या शहरातल्या मोठ्या मनोऱ्याला असा दाता मिळतो. गावाला मिळेलच असे नाही.

त्याच फोर्ट भागात, आतल्या गल्लीकडे, बमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ लोकांच्या पैशातून उभारलेला घड्याळ-मनोरा आहे. १८८२ सालचा, खाली कारंजे, वर घड्याळ, आणि रूप पारशी अग्यारीची आठवण करून देणारे. दुकाने, हातगाड्या आणि गर्दीत तो अनेक वर्षे हरवल्यासारखा होता. काळा घोडा असोसिएशनने पुढाकार घेतला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि २०१७ मध्ये त्यालाही युनेस्कोची दाद मिळाली. लोकवर्गणीची वास्तू विस्मरणात जाते ती अशी. देणाऱ्यांची एक पिढी सरते आणि ‘हे आपण बांधले’ म्हणणारे कोणी उरत नाही.

पुण्याच्या लष्कर भागातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, याच संदर्भात आठवते. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या या ज्यू प्रार्थनास्थळाच्या ९० फुटी मनोऱ्यातले घड्याळ लंडनहून आणलेले. देणारे घराणे डेव्हिड ससून यांचे. त्यानंतर समाजाचा मोठा भाग देश सोडून गेला. वास्तू तेवढीच राहते आणि सांभाळणारे हात कमी होतात, तेव्हा वर्गणीचा भार शिल्लक राहिलेल्या थोड्यांवर पडतो. आमच्या मावळातल्या वाड्या-वस्त्याही पिंपरी-चिंचवडकडे सरकत आहेत. ही अडचण आपल्यापासून फार लांब नाही.

इंग्लंडमधली गावे काय करतात

इंग्लंडमध्ये चर्च धर्मसंस्थेचे असले तरी घड्याळाकडे गावाची सोय म्हणून पाहतात. १९५७ च्या पॅरिश कौन्सिल कायद्याने तिथल्या ग्रामपंचायतीला सार्वजनिक घड्याळे बसवण्याचा व राखण्याचा स्पष्ट अधिकार दिला आहे. त्यामुळे चर्चला कधीही न जाणारा माणूसही घड्याळाला वर्गणी देतो आणि पंचायतही आपला वाटा उचलू शकते.

वर्गणीच्या युक्त्याही पाहण्यासारख्या आहेत. तबकडीवर ६० मिनिटे असतात, म्हणून एकेक मिनिट एकेका घराच्या नावे करायचे. बारा आकडे अधिक किमतीला द्यायचे. केक विकायचे, सोडत काढायची, चर्चमध्येच गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा. दुरुस्तीला उतरवलेले यंत्र शाळेच्या मुलांना दाखवायचे. यामागची समजूत अशी की ज्याने एका मिनिटाचे पैसे दिले तो जाता-येता वर पाहणारच, आणि जो वर पाहतो तो घड्याळ बंद पडल्याचे पहिल्या दिवशी सांगेल. देणगीदार हा पुढचा राखणदारही होतो.

चावीचा प्रश्न मात्र तिथेही अवघड होत चालला आहे. जिना चढणारे म्हातारे झाले, तरुण नोकरीसाठी बाहेर. म्हणून अनेक मनोऱ्यांत विजेवर वजन वर खेचणारी लहान मोटर बसवतात. मूळ चाके, लंबक, टोले तसेच राहतात, फक्त हाताची चावी जाते. काहींना हा वारशाला लागलेला डाग वाटतो. मला ही तडजोड मान्य आहे, कारण न चालणाऱ्या अस्सल घड्याळापेक्षा मोटरने चावी मिळणारे अस्सल घड्याळ बरे. मात्र एक धोका आहे. मोटर बसली की दर आठवड्याला वर जाणारा माणूसही थांबतो, आणि तेल, जाळी, गंज पाहणारी नजर जाते. मोटर चावी देते, देखभाल करत नाही.

मावळातले जुने हिशेब

आता आपल्या डोंगराकडे. कार्ल्याचे चैत्यगृह मी अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी आधी खांबांवरची अक्षरे पाहतो. हे भव्य लेणे एका राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपण हे जंबुद्वीपातले श्रेष्ठ शैलगृह पुरे केल्याचे सांगतो. दर्शनी सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आतले खांब निरनिराळ्या लोकांचे : धेनुकाकटचे यवन, शूर्पारकाहून म्हणजे सोपाऱ्याहून आलेला सातिमित नावाचा भाणक. प्रवेशद्वाराच्या कामात धेनुकाकटच्याच सिंहदत्त या गंधविक्रेत्याचे नाव येते. भिक्षुणींचीही दाने आहेत. एकेक खांब एकेका दात्याचा, ही पद्धत आणि तबकडीचे एकेक मिनिट एकेका घराचे, ही पद्धत यांची जात एकच आहे.

पण त्या काळातल्या लोकांनी एवढ्यावर थांबून चालणार नाही हे ओळखले होते. डोंगर कोरून झाल्यावर पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंनी खायचे काय? त्यासाठी नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गावाचे उत्पन्न वलूरकच्या म्हणजे कार्ल्याच्या संघाला लावून दिले. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, राज्य बदलले. तरी त्याने मामाल आहाराच्या अमात्याला आज्ञा पाठवून ते दान चालू ठेवले. मामाल म्हणजे आपले मावळ. ज्या शत्रूची सत्ता उखडली त्याने सुरू केलेला देखभालीचा खर्च नव्या राजाने मोडला नाही, ही नोंद आमच्या तालुक्यात दगडावर आहे.

याहून तपशीलवार हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात सापडतो. तोही उषवदाताचाच. त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. नीवी म्हणजे भांडवल. ते कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना एक टक्क्याने, उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे महिना पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४० होते. त्यातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. आधी वार्षिक गरज ठरवली आणि त्यावरून ठेवीची रक्कम काढली, हे या आकड्यांतून उघड दिसते. शिवाय हा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. म्हणजे भांडवल, व्याजदर, लाभार्थी, रक्कम सांभाळणारी संस्था आणि जाहीर नोंद, सगळे आहे.

अक्षय म्हटलेल्या ठेवीही कायमच्या टिकल्या नाहीत. आज त्या श्रेणी नाहीत आणि तो संघही नाही. तरी देणाऱ्याच्या आयुष्यापलीकडे खर्च चालावा, याचा विचार त्यांनी बांधकामाबरोबरच केला होता, मागाहून नाही.

आणखी जवळचे उदाहरण तळेगाव दाभाड्याचे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पैशा-पैशाने जमलेला निधी पुतळ्यात किंवा समारंभात न घालता चालत्या कामात घातला. त्यातून काच बनवायला शिकलेली माणसे तयार झाली.

आणि मुंबईचे डबेवाले. आमच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या माणसांनी उभा केलेला हा धंदा घड्याळावर चालतो. चर्चगेटला ठरल्या गाडीला ठरला डबा उतरलाच पाहिजे. याच लोकांनी आपल्या वर्गणीतून आळंदी, जेजुरी, भीमाशंकर अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. महिन्याच्या महिन्याला थोडे, पण चुकता नाही, ही सवय त्यांच्यात आहे. देखभालीला नेमकी हीच सवय लागते.

मग समितीने काय करावे

एवढे पाहिल्यावर जीर्णोद्धाराची वर्गणी काढणाऱ्या कोणत्याही समितीला, मग ते चर्चचे घड्याळ असो, देवळाचा सभामंडप असो की बारवेची पायरी, मला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, उषवदाताप्रमाणे उलटा हिशेब मांडावा. चालवायला वर्षाला किती लागेल ते आधी काढावे. समजा देखभालीला, तेला-दोराला आणि माणसाच्या मानधनाला वर्षाला २४,००० रुपये लागणार आणि बँकेत सहा टक्के व्याज मिळते. तर चार लाखांची कायम ठेव हवी. हा आकडा बांधकामाच्या आकड्याशेजारी, पहिल्याच पत्रकावर छापावा. महागाईने रुपया घसरतो, म्हणून सगळे व्याज खर्चू नये. थोडे मुद्दलात परत टाकावे, म्हणजे ठेव त्या प्रमाणात थोडी मोठी लागेल. उद्घाटनानंतर ठेवीसाठी पुन्हा दारोदार गेले तर पहिल्या उत्साहाचा दहावा भागही हाती लागत नाही.

दुसरी, ठेव विश्वस्त संस्थेच्या नावे असावी आणि तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने आपल्याकडे ही चौकट तयार आहे. फलकावरची नोंद म्हणजे आजच्या भाषेत लेखापरीक्षण, आणि निगमसभा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून एकदा तिथे आकडे वाचून दाखवावेत.

तिसरी, कामाला माणूस नेमावा आणि त्याच्या हाताखाली दुसरा शिकता ठेवावा. त्याला मानधन द्यावे. फुकट सेवा चांगली असते, पण ती आजारपण आणि बदलीपुढे टिकत नाही.

चौथी, फरशीवर नावे लावताना थोडी जागा राखून ठेवावी. बांधणाऱ्यांची नावे वर आहेतच. खाली दर वर्षी, त्या वर्षी काम सांभाळणाऱ्याचे नाव घालावे. कार्ल्याच्या लेण्यात श्रेष्ठींचे नाव आहे तसे गंधविक्रेत्याचेही आहे. आपल्या फरशांवर अजून चावी देणाऱ्याचे नाव येत नाही. ते येऊ लागले तर ते काम करायला पुढच्या पिढीतला कोणीतरी तयार होईल, आणि वर चढलेले वजन पुढच्या आठवड्यातही वर चढेल.